भ्यायचं अंतर

साळवे मास्तर माझ्या टेबलापासून सात पावलांवर थांबले आणि तिथूनच बोलले.

"भाऊसाहेब, जवळ आलो तर चालेल का?"

मी दुष्काळी कामाच्या मांडवात हजेरीपट भरत बसलो होतो. म्हटलं, "या की. मी काय चावतो?"

"तसं नाही. कारकून मंडळी साधारण पाच पावलांवर माणूस आला की वर बघतात. तुम्ही सातावरच बघितलंत. म्हणून विचारून घेतलं."

बहात्तर सालची गोष्ट. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका माळावर पाझर तलावाचं काम उन्हाळ्यातच सुरू झालं होतं. जुलैत पाऊस दोनदा शिंतडून गेला, त्यानंतर आभाळ कोरडंच. मी हजेरी कारकून म्हणून तिथे नेमलेला होतो. मास्तर गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. उंच, वाकलेले, पांढरा पायजमा, पायांत टायरच्या चपला. गळ्यात पूर्व जर्मनीचा एक जुना कॅमेरा, लेंगा कापून शिवलेल्या पिशवीत.

यादी केल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट नीट समजत नाही, म्हणून त्यांच्या भीतीचीही मी यादी केली होती. कुत्री. कठडा नसलेली विहीर. टेलिफोनची घंटा. कुठलाही साहेब. एसटी उतारावर लागली की ते डोळे मिटून घ्यायचे आणि सपाटी आली का, हे शेजाऱ्याला विचारायचे. कुत्र्याचं कारण होतं. लहानपणी एक पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि नगरच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्या चौदांतलं प्रत्येक त्यांना वेगळं आठवत होतं.

ही भीती ते लपवत नसत. नव्या वर्गावर पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे, "मी भित्रा माणूस आहे." मी विचारलं, असं कशाला सांगता? म्हणाले, "सांगून टाकलं की पुढं कळेल ही एक भीती तरी कमी होते."

पण भीतीबद्दल त्यांना जेवढं कळायचं, तेवढं मी दुसऱ्या कुणाला कळताना पाहिलं नाही. पक्षी दिसला की ते त्याच्या दिशेने पावलं मोजत निघायचे. पक्ष्याने मान वर केली की थांबायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. मी वहीत लिहायचो. मग एकेक पाऊल पुढे. तो उडाला की दुसरा आकडा. टिटवी, पंचेचाळीस आणि पंचवीस. कापशी घार तारेवर, साठ आणि चाळीस. जनावरांचेही आकडे होते. खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, सत्तर आणि पन्नास. वारा त्याच्याकडून आपल्याकडे असेल तर तीस. काळवीट, दोनशे आणि एकशे तीस.

"पहिला आकडा त्याचं भ्यायचं अंतर," ते म्हणायचे. "फोटो ह्या दोन आकड्यांच्या मधे काढायचा. तो उडाला तर आपण चुकलो. मग फोटो कितीही चांगला येवो."

शाळेतही तेच. तोंडी परीक्षेला प्रत्येक पोराची जागा ठरलेली. एक पोरगी दारापाशी उभी राहिली तरच पाढे म्हणायची, तर तिची परीक्षा ते दारापाशीच घ्यायचे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याचं कारण विचारलं, तेव्हा मास्तरांची वाचा बसली. उत्तर त्या पोरीने दिलं, "सर, मला भ्या वाटतं ना, म्हणून." आणि तिने सतराचा पाढा म्हणून दाखवला.

त्यांच्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली साधीच लेन्स होती. काळवीट तिच्यातून मुंगीएवढं दिसायचं. माझी ओळख व्हायच्या आधीपासून, तीन वर्षं, ते लांबच्या लेन्सचा विचार करत होते, आणि अखेर आम्ही पुण्याला गेलो. ते दुकानात शिरायला घाबरत होते, म्हणून मी पुढे झालो.

दुकानदाराने दोन लेन्स मांडल्या. एक चारशे मिलिमीटरची, हातभर लांब, काळी, बंबाच्या नळीसारखी. दुसरी आखूड, जाडजूड. तिच्यावरचं कडं पुढेमागे सरकवलं की समोरचं जवळ यायचं किंवा लांब जायचं, ऐंशीपासून दोनशेपर्यंत. तिला झूम म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

"पक्षी काढायचेत ना?" दुकानदार म्हणाला. "मग विचार कसला करता? चारशेची घ्या. लांब उभे राहा, आरामात काढा."

मलाही ते पटलं. भित्र्या माणसाला लांबून काढता येत असेल, तर आणखी काय हवं?

मास्तर चारशेची लेन्स लावून दारात गेले आणि समोरच्या तारेवरची चिमणी शोधू लागले. बराच वेळ शोधत होते. मग परत आले.

"सापडली का?" मी विचारलं.

"सापडली. पण ती हलत होती का मी, ते कळेना."

"तिपाई लावा," दुकानदार म्हणाला.

"तिपाई उघडेपर्यंत काळवीट पुढच्या तालुक्यात जातं. शिवाय हिच्यातून उजेड कमी येतो, सकाळी सहाला काय दिसणार? आणि आमच्या माळावर नऊ वाजले की जमीन उकळते. लांबून काढलं तर पक्ष्याआधी ती वाफच येईल फोटोत." एवढं ते एका दमात बोलले, कारण बोलताना ते लेन्सकडे बघत होते, माणसाकडे नाही. "लांबची लेन्स धीट माणसाची हो. हात स्थिर लागतो. माझा हात थरथरतो ते हिच्यात चौपट दिसतं."

"मग झूम घ्या. पण सांगून ठेवतो मास्तर, हिला जवळ जावं लागेल."

मास्तरांनी कॅमेऱ्यावरची लेन्स काढली. दोन्ही लेन्स काउंटरवर शेजारी ठेवून बघत राहिले. पाणी मागितलं. पेला दोन्ही हातांनी धरून प्याले.

"म्हणजे एकीत हात भिणार आणि दुसरीत पाय," ते म्हणाले. "पायांना समजावता येईल. हात ऐकत नाहीत. झूम द्या."

ऑगस्टच्या मध्यावर ते एका सकाळी धावतच मांडवात आले. त्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"भाऊसाहेब, मुरमाची खाण कुठं धरलीय तुम्ही?"

मी यादी काढली. तलावाच्या बांधाला लागणारा मुरूम सोमवारपासून माळाच्या पश्चिमेच्या उंचवट्यावर खणायचा होता. चुन्याची रेघ मारून झाली होती, कोपऱ्यावरच्या दगडावर मीच लाल रंगाने चौदा नंबर टाकला होता.

"तिथं माळढोक अंड्यावर बसलीय. एकच अंडं असतं तिचं."

माळढोक मी एकदाच लांबून पाहिला होता. कमरेएवढा उंच, गवतातून म्हाताऱ्या पाटलासारखा चालत गेलेला. घरटं म्हणाल तर काही नाही. उघड्या जमिनीवर अंडं, आणि त्यावर ती बसलेली. तिला उठवलं आणि ती परत आली नाही, तर अंडं एका दुपारच्या उन्हाने किंवा एका कावळ्याने संपतं. मास्तरांच्या हिशेबाने पिल्लू निघायला दोन आठवडे तरी होते. आणि सोमवारी तिथे तीनशे माणसं कुदळी घेऊन जाणार होती.

आम्ही कामावरच्या इंजिनियर साहेबांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नव्हता, कामाखाली पिचलेला होता. मास्तर दाराबाहेरच उभे राहिले, सगळं मीच सांगितलं.

"रोज दहा जण येतात," साहेब म्हणाले. "कुणाचा देव, कुणाची समाधी, कुणाची वाट. आता पक्षी. दाखवा मला. इथे टेबलावर दाखवा, मग बघतो."

टेबलावर दाखवायचा म्हणजे फोटो. आणि तो शनिवारपर्यंत हवा होता.

मास्तरांनी तिचं अंतर आधीच मोजलेलं होतं. अंड्यावर नसताना तीनशे पावलांवर मान वर. अंड्यावर असताना माणूस नव्वद पावलांवर आला की ती उठते. नव्वद पावलांवरून झूममध्ये ती गवतातल्या दगडासारखी दिसत होती. निम्म्याहून जवळ जायला हवं होतं. "पण मेंढरांना ती भीत नाही," मास्तर म्हणाले. "काल कळप तिच्यापासून वीस पावलांवरून गेला, तिनं मानसुद्धा वळवली नाही."

कळप हौसाबाईचा. धनगराची बाई, साठीची, तोंडात कायम तंबाखू. मास्तरांचा बेत ऐकून ती हसून हसून खाली बसली.

"म्हंजी तुमी मेंढरू व्हनार?"

"हो. घोंगडी पांघरून, रांगत."

"आन माजी कुत्री? वाघ्या आन काळू?"

मास्तर दोन पावलं मागे सरकले. कळपाला कुत्री असतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी तो विचार मनात येऊच दिला नव्हता.

"बांदून ठिवते म्हनलं तर वरडून माळ डोक्यावर घेतील. मंग तुमचं पाखरू ऱ्हातंय व्हय?" हौसाबाईने स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढून त्यांच्या अंगावर टाकली. "ही घ्या. आमच्या वासाची हाय. ह्या वासाला ती काय करत न्हाईत. फकस्त त्यांच्या डोळ्यात बघू नगा आन पळू नगा. पळाला की तुमी लांडगा."

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. मी माझ्या सवयीने आदल्या दिवशी यादी केली होती: फिल्म, लेन्स पुसायचं फडकं, चकाकणाऱ्या कड्यांना लावायला काजळी, वाळूने भरलेली छोटी पिशवी कॅमेरा टेकवायला. आणि दुपारपर्यंत परत येता आलं नाही तर म्हणून बाजरीची भाकरी, त्यांच्या खिशात. शेवटच्या ओळीने घात केला.

मी बांधाआड पडून होतो. कळप पुढे सरकत होता आणि त्यात एक काळी घोंगडी थांबत थांबत सरकत होती. मीच भीत होतो. मास्तरांसाठी, आणि खरं सांगायचं तर त्या अंड्यासाठी, कारण चौदा नंबर माझ्या हातचा होता. घोंगडी चाळीस पावलांवर पोचली. पस्तीस. माळढोक बसूनच. घोंगडी थांबली.

आणि वाघ्या कळपाच्या बाजूने वळला. तो सरळ घोंगडीकडे आला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि तोंड आत घातलं.

मला काहीच करता येत नव्हतं. ओरडलो तर ती उठेल. मास्तरही ओरडू शकत नव्हते. घोंगडी थरथरताना मला इतक्या लांबून दिसत होती. वाघ्याचं शेपूट हलत होतं, डोकं आत होतं, आणि तो काहीतरी ओढत होता. तेवढ्यात एक कोकरू भलतीकडे गेलं, थेट तिच्या अंगावर. ती उभी राहिली. पूर्ण उंच. शेपटीची पिसं पसरली, पंख खाली सोडले. आता उडते.

कोकरू मागे फिरलं. ती उभीच होती. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तिने मान खाली घेतली, अंड्याला चोचीने जरासं सरकवलं आणि त्यावर बसली. वाघ्या भाकरी तोंडात घेऊन निघून गेला.

मास्तर रांगत परत आले आणि बांधाआड बसूनच राहिले. हौसाबाईने पाणी पाजलं.

"माझ्या मानेवर त्याचा श्वास येत होता," ते म्हणाले. "मी चौदा मोजत होतो. इंजेक्शनं."

"लई धीट हाय की हो तुमी, मास्तर," हौसाबाई म्हणाली.

"नाही हो. पळायची भीती जास्त वाटली, एवढंच."

नगरला एका ओळखीच्या स्टुडिओत त्यांनी रात्रीतून फोटो धुतले. अकरा फोटो. आठांत नुसतं धुकं. दोन चांगले, झूम पूर्ण ताणून काढलेले. ती चौकट भरून बसलेली, डोळासुद्धा दिसत होता. अकरावा त्यांना वाया गेलेला वाटला. कुत्र्याने ओढलं तेव्हा हात कड्यावरून सटकला, लेन्स ऐंशीवर आली आणि त्याच वेळी बटण दाबलं गेलं. त्यात ती उभी होती, पण लहान, सगळ्या माळाच्या मधे.

शनिवारी साहेबांनी चांगले दोन फोटो हातात घेतले. खूष झाले. मग म्हणाले, "पक्षी झकास. पण हा आपल्याच माळावरचा कशावरून? गवत काय, सगळीकडे असतं."

मी मास्तरांकडे बघितलं. ते नेहमीसारखे दारात, जमिनीकडे बघत. मीच त्यांच्या पिशवीतून अकरावा फोटो काढून टेबलावर ठेवला. पक्ष्याच्या मागे चुन्याची पांढरी रेघ सरळ गेलेली होती आणि उजव्या कोपऱ्यात दगड होता. भिंग लावलं की आकडा वाचता येत होता.

साहेबांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. मग माझी यादी मागवून घेतली आणि पश्चिमेचा उंचवटा खोडला.

खाण दोन फर्लांग पूर्वेला गेली. सोमवारी मजुरांत कुरकुर झाली. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाखरापायी दोन फर्लांग जादा तंगड्या तोडायच्या व्हय आमी?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं, अर्ध्या पोटी दोन फर्लांग म्हणजे थोडं नाही. त्याच्या पुढे पाटी घेऊन चाललेली बाई मागे न बघता म्हणाली, "बसलीय ना ती बाळंतपनाला? ऱ्हाऊ दे की. चल गुमान." आणि सगळे गेले.

निकाल सांगून टाकतो. पिल्लू निघालं. हौसाबाईने पाहिलं, तिने मला दाखवलं. कोंबडीच्या पिल्लाहून थोडं मोठं, आईच्या सावलीतून चालणारं. मास्तरांनी पाहिलं नाही. त्याआधी चारच दिवस त्यांची बदली पाथर्डीकडच्या एका शाळेत झाली. बदली नेहमीची होती की नव्हती, ते मला कधी शोधता आलं नाही. मी पोस्टकार्ड टाकलं. उलट टपाली उत्तर आलं, एकच ओळ: "किती पावलांवरून पाहिलंत?"

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आधीच्या रविवारी.

फोटोची गोष्ट साहेबांनी घरी सांगितली असणार. रविवारी सकाळी जीप मांडवापाशी थांबली. साहेब, त्यांच्या पत्नी आणि पुण्याहून आलेले मेव्हणे. मेव्हण्यांच्या मांडीवर बंदूक होती. "तितर मिळाले तर बघू," ते म्हणाले, "आणि तुमचा तो मोठा पक्षी कुठे आहे? म्हणतात, त्याचं मटण फार चांगलं." साहेब हसले. ते हसणं कुठल्या बाजूचं होतं, ते मला कळलं नाही. मला वाट दाखवायला मागे बसवलं. मी बसलो. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

माळाच्या चाकोरीवर पहिल्या वळणापुढे मास्तर उभे होते; शाळा नसली की ते तिच्या राखणीला माळावरच असायचे. बाजूला नव्हे, दोन्ही चाकांच्या बरोबर मधे. साहेबांनी भोंगा वाजवला. ते दचकले, पण हलले नाहीत. जीप त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबली.

"मास्तर, बाजूला व्हा."

मास्तर चाकांकडे बघून बोलले.

"साहेब, इथून पुढं नाही. गाडीला, घोळक्याला ती दोनशे पावलांवर उठते. ही दोनशे दहा आहेत."

"हा कोण शहाणा?" मेव्हणे म्हणाले. "दाजी, घ्या पुढे. होईल बाजूला."

साहेबांचा हात गियरवर होता. मी मागच्या बाकाची कड घट्ट धरली होती. तेव्हा मला सगळ्यांत जास्त कसली भीती वाटत होती, ते आजही नीट सांगता येत नाही. नोकरीची वाटत होती, हे मात्र नक्की.

"बंदूक गाडीतच राहू द्या," मास्तर म्हणाले. "आणि बघायचं असेल तर माझ्याकडून बघा. इथून दिसते." त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून पुढे धरला. तो इतका हलत होता की साहेबांच्या पत्नीने झटकन दोन्ही हातांनी तो घेतला, पडेल म्हणून.

साहेबांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

आम्ही उतरलो. बंदूक सीटवर राहिली. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, कडं पुढेमागे करून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अगबाई, दगड वाटला होता मला. मान वर केली की तिने, आपल्याकडेच बघतेय." मग साहेबांनी पाहिलं. मग मेव्हण्यांनी. सगळे गवताच्या त्या टोकाकडे बघत होते.

मास्तर तिकडे बघतच नव्हते. पक्ष्याकडे पाठ करून ते आमच्या समोर उभे होते, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, आणि त्यांचे डोळे आमच्या पायांवर होते. मेव्हणे नीट दिसावं म्हणून अर्धं पाऊल पुढे सरकले. मास्तरांनी काही न बोलता आपला तळवा त्यांच्या छातीवर टेकवला.

मेव्हणे मागे सरले. मास्तरांनी हात खाली घेतला नाही.